बेडरूमच्या भिंतीत एक रिकामा पाइप टाका

प्रति,
नाशिक शहरातील बांधकाम व्यावसायिक, आर्किटेक्ट आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी

सस्नेह नमस्कार.

मी डिश बसवतो. आधी कंपनीचा टी-शर्ट घालून बसवायचो, आता स्वतःच्या गाडीवर शिडी बांधून बसवतो. पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत आणि सातपूरपासून नाशिकरोडपर्यंत तुमच्या इमारतींच्या गच्च्यांवर माझा बराच वेळ गेलाय. तुमच्यापैकी काहींनी स्वतःच्याच इमारतीची गच्ची वास्तुशांतीनंतर पाहिली नसेल. तेव्हा थोडं परखड वाटलं तर राग मानू नका.

मागणी आधी सांगतो, कारण पत्र शेवटपर्यंत वाचायला सगळ्यांना वेळ असतोच असं नाही. नवीन इमारत बांधत असाल तर गच्चीपासून प्रत्येक फ्लॅटच्या प्रत्येक राहत्या खोलीपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीत टाका. इमारत जुनी असेल तर गच्चीवर डिशसाठी एक जागा ठरवा आणि तिथून वायर खाली उतरायला एक वाट ठरवा. माझं म्हणणं एवढंच आहे. पुढे लिहितोय ते हे का म्हणतोय यासाठी.

घरातला पहिला टीव्ही कसाही लागतो. हॉलला खिडकी असते, गॅलरी असते, कुठून ना कुठून वायर आत येते. इमारतीची परीक्षा होते ती दुसऱ्या टीव्हीला. आणि हा दुसरा टीव्ही चैनीचा असतो हा समज पहिला काढून टाका. माझ्याकडे दुसऱ्या खोलीसाठी जे फोन येतात त्यात बहुतेक वेळा पलंगाला खिळलेलं कुणीतरी असतं. आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं असतं, आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा आवाज मोठा आणि हॉलमध्ये नातवाची दहावी. नाहीतर मुलगा अंबडच्या कंपनीत रात्रपाळीला, तो दुपारी हॉलमध्ये झोपतो आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं. अशा घरात मागच्या खोलीत टीव्ही लागला की घरातली निम्मी भांडणं मिटतात. हे मी दारात उभं राहून बघितलंय, सूनबाईंच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं.

आता अडचण कुठे येते ते सांगतो.

डिश कुठेही लावता येते असं लोकांना वाटतं, आणि तुम्हा मंडळींनाही वाटत असावं, नाहीतर नकाशे असे निघाले नसते. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटरवर एकाच जागी थांबल्यासारखे असतात. आपल्याकडच्या डीटीएच सेवा ज्या उपग्रहांवरून येतात ते 83 अंश पूर्व ते 108 अंश पूर्व रेखांशांच्या दरम्यान आहेत. नाशिक आहे 74 अंशांच्या आसपास. म्हणजे आपल्यासाठी हे सगळे उपग्रह दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या आकाशात. दूरदर्शनची फ्री डिश 93.5 अंशांवर आहे. तिची छत्री गंगापूर रोडवरच्या गच्चीवर लावली तर तिचं तोंड जवळपास बरोबर नाशिकरोड स्टेशनच्या दिशेला येतं, नजर मात्र सत्तावन्न-अठ्ठावन्न अंश वर. 83 अंशांच्या उपग्रहासाठी आणखी दक्षिणेला वळायचं आणि नजर चौसष्ट अंशांपर्यंत उचलायची. 108 च्या बाजूचा उपग्रह पूर्वेकडे आणि पंचेचाळीस अंशांवर.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही तुमच्या कामाच्या आहेत.

पहिली. उत्तरेला किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या गॅलरीत डिश चालत नाही. गंगापूर रोडला नदी दिसते म्हणून जे फ्लॅट चढ्या भावाने विकले जातात त्यांची गॅलरी उत्तरेला, गोदावरीकडे. त्या गॅलरीतून पलीकडचे मखमलाबादचे मळे दिसतात, पावसाळ्यात पुराचं पाणी दिसतं, उपग्रह काही दिसत नाही. त्या घराला गच्चीशिवाय पर्याय नाही. घर घेताना हे कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला ते माहीतच नसतं.

दुसरी. गॅलरी दक्षिणेला असली तरी डिश गॅलरीच्या आत बसत नाही, कारण साठ अंश वर बघायचं तर डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो. मग ती कठड्याच्या बाहेर, क्लॅम्पवर लटकवावी लागते. आर्किटेक्ट साहेब, तुमच्या इमारतीच्या दर्शनी बाजूला ज्या छत्र्या लोंबताना दिसतात आणि ज्यांच्यामुळे तुम्ही फोटो फक्त ताबा देण्याआधीचेच वापरता, त्या तिथे हौसेने लावलेल्या नसतात. भूमितीने तिथे ढकललेल्या असतात. गच्चीवरून वाट दिली असती तर त्या बाहेर आल्याच नसत्या. सहाव्या मजल्याच्या कठड्याबाहेर निम्मं अंग काढून नट आवळताना मला तुमच्या एलिव्हेशनची आठवण येत नाही, घरच्यांची येते.

गच्चीवर मात्र सगळं सोपं आहे. तिथे आडवं काय येणार? पाण्याची टाकी, सोलर हीटरचे पॅनेल, लिफ्टची खोली. सत्तावन्न अंश ही चांगली उंच नजर आहे. डिशपेक्षा दीड मीटर उंच टाकी समोर असेल तरी एक मीटरहून थोडं जास्त अंतर ठेवलं की काम होतं. शेजारची इमारत दहा मीटर उंच असली तरी ती सात मीटरच्या आत नसेल तर तिचा त्रास नाही. पंचेचाळीस अंशांच्या उपग्रहाला तेवढी सूट मिळत नाही, तिथे जेवढी उंची तेवढं अंतर लागतं. पण गच्चीच्या एका कोपऱ्यात सगळं बसतं.

मग गाडं अडतं कुठे? गच्चीवरून खाली येण्यात. आणि इथे दुसऱ्या टीव्हीचा खरा पेच आहे, तो जरा नीट समजून घ्या, कारण बहुतेक बिल्डरांचं इथेच चुकतं.

तुम्ही हॉलमध्ये एक ‘टीव्ही पॉइंट’ देता, मास्टर बेडरूममध्ये एक देता, ब्रोशरमध्ये दोन्ही छापता. आत बघितलं तर एकच वायर हॉलच्या पॉइंटला येते आणि तिथून फांदी काढून बेडरूमला गेलेली असते, किंवा शाफ्टमध्ये एक स्प्लिटर बसवून तिथून दोन्हीकडे. केबलवाल्याच्या जमान्यात हे चालायचं. केबलच्या वायरमध्ये सगळ्या वाहिन्या एकदमच वाहत येतात, ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी. वायर वाटली की सिग्नल थोडा कमी होतो, बाकी काही नाही.

डिशचं तसं नसतं. छत्रीच्या समोर जो नळकांड्यासारखा भाग असतो त्याला एलएनबी म्हणतात. छत्रीवर आदळलेल्या लहरी तो गोळा करतो आणि त्यांची वारंवारता खाली आणून, साधारण 950 ते 2150 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, वायरमधून घरात पाठवतो. पण सगळंच एकदम पाठवत नाही. सेट टॉप बॉक्स त्याच वायरमधून त्याला वर वीज पाठवतो. 13 व्होल्ट आले की तो व्हर्टिकल, म्हणजे उभ्या कंपनाच्या लहरी देतो, 18 आले की हॉरिझॉन्टल, म्हणजे आडव्या. वरचा पट्टा हवा की खालचा, हे सांगायला 22 किलोहर्ट्झचा टोन असतो. म्हणजे बॉक्स आणि एलएनबी यांचं सतत बोलणं चाललेलं असतं, आणि एका वायरवर एकाच बॉक्सचं बोलणं चालतं.

आता तुमच्या त्या फांदीवर दोन बॉक्स लावा. हॉलमधला 18 मागतोय आणि बेडरूममधला 13, तर एलएनबी 18 चंच ऐकणार. बेडरूममध्ये ज्या वाहिन्या व्हर्टिकलवर आहेत त्या गेल्या. घरमालक मला फोन करतो, ‘अहो काल रात्री तर दिसत होतं, आज पुन्हा नाही.’ काल रात्री हॉलमधला टीव्ही बंद होता, एवढाच फरक. हा दोष शोधायला गेलेले नवीन पोरगे एलएनबी बदलतात, बॉक्स बदलतात, गिऱ्हाइकाचे पैसे घालवतात. वायर भिंतीत गाडलेली असते, ती कुणी बघत नाही.

शिवाय केबलसाठी बसवलेला स्प्लिटर बहुधा 1000 मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो. त्याच्यावर लिहिलेलंच असतं, चष्मा लावून वाचलं तर. डिशचा जवळजवळ सगळा सिग्नल त्याच्या वर असतो. त्यातून वीज वर जात नसेल तर एलएनबी सुरूच होत नाही आणि दोन्ही टीव्ही काळे. डिशसाठी वेगळा स्प्लिटर मिळतो, वीज जाऊ देणारा, 2400 मेगाहर्ट्झपर्यंतचा. ज्या सेवेच्या सगळ्या वाहिन्या एकाच प्रकारच्या लहरींवर आणि एकाच पट्ट्यात आहेत तिथे त्यावर दोन टीव्ही बिनबोभाट चालतात. पण वायर भिंतीत टाकताना तुम्हाला घरमालक पुढे कोणती सेवा घेणार हे ठाऊक नसतं, आणि ती सेवा उद्या कोणत्या उपग्रहावर जाईल हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे सरळ हिशेब असा: जेवढे टीव्ही, तेवढ्या वायरी, प्रत्येक एलएनबीपासून अखंड. दोन टीव्हींसाठी दोन तोंडांचा एलएनबी, त्याला ट्विन म्हणतात. चारांसाठी चार तोंडांचा. छत्री एकच राहते.

काही जण म्हणतात, मग एकाच बॉक्सचं चित्र दुसऱ्या खोलीत न्या. नेता येतं. एचडीएमआयचा स्प्लिटर आणि लांब वायर घातली की दोन्हीकडे दिसतं, पण दोन्हीकडे तेच दिसतं. हॉलमध्ये क्रिकेट लागलं की आजींनाही क्रिकेट. स्वयंपाकघरात मालिकेचा आवाज कानावर पडावा एवढंच हवं असेल तर ठीक आहे, मी स्वतःच ते सुचवतो. पलंगावर पडलेल्या माणसाच्या हातात रिमोट असून वाहिनी बदलत नसेल तर त्याला तो रिमोट काय कामाचा.

तर गच्चीवरून बेडरूमला स्वतंत्र वायर न्यायची आहे आणि भिंतीत वाट नाही. मग आम्ही काय करतो ते ऐका.

बाथरूमच्या मागे ड्रेनेजच्या पाइपांचा डक्ट असतो, गच्चीपासून तळमजल्यापर्यंत उघडा. वायरला जड नट बांधून वरून सोडायची. खाली संडासाच्या व्हेंटिलेटरच्या काचेच्या पट्ट्यांमधून जोडीदाराने हात घालून ती पकडायची. ती हाताला लागेपर्यंत वरून ‘आली का?’ आणि खालून ‘अजून नाही’ चालू. मधल्या मजल्यावरच्या बाई खिडकी उघडून विचारतात कोण ओरडतंय, आणि त्यांच्या जागी कुणीही असतं तर विचारलंच असतं. पट्टी काढून वायर आत घ्यायची, संडासाच्या दाराच्या चौकटीवरून खिळ्याच्या क्लिपा मारत पॅसेजमध्ये, तिथून बेडरूमच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात ड्रिल. पाहुणे आले की पहिली नजर त्या काळ्या वायरीवर. लाखो रुपयांचं इंटिरिअर आणि संडासातून आलेली वायर, हे चित्र इंदिरानगरपासून आडगावपर्यंत सारखंच आहे.

दुसरी वाट स्लायडिंग खिडकीची. बाहेरच्या भिंतीवरून वायर खाली सोडायची आणि ट्रॅकमधून आत. मग खिडकी पूर्ण लागत नाही. त्या फटीतून डास येतात, डिसेंबरात नाशिकची थंडी येते आणि जूनपासून पाणी येतं. कुणीतरी एक दिवस जोर लावून खिडकी ओढतो. ॲल्युमिनियमची धार वायरचं वरचं कव्हर कापते, आतली जाळी मधल्या तांब्याच्या तारेला टेकते आणि शॉर्ट. आमच्या कामात सगळी गंमत या जाळीची आहे. कनेक्टर लावताना कव्हर सोलून जाळी मागे वळवायची, मधली तार टोकाला दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवायची. जाळीचा केसाएवढा एक धागा त्या तारेला चिकटला तरी पडद्यावर ‘सिग्नल नाही’. भिंतीतल्या पाइपात ही वायर वर्षानुवर्षं सुखाने राहते. खिडकीत ती पावसाळ्याच्या मेहरबानीवर असते.

पावसाचं म्हणाल तर जोराच्या सरीत चित्र तुटतं ते वेगळं. या लहरी दहा गिगाहर्ट्झच्या वरच्या, त्यांना पाण्याचे थेंब अडवतात, सर ओसरली की चित्र परत येतं. पण पाऊस थांबूनही दोन दिवस चित्र येत नसेल तर पाणी वायरमध्ये शिरलंय. बाहेरून घरात शिरताना वायरला आधी भोकाच्या खाली एक वळसा द्यावा लागतो, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, आत येत नाही. घाईत हा वळसा कुणी देत नाही. मग भिंतीला ओल येते आणि सोसायटीच्या सभेत ‘डिशवाल्यांमुळे लीकेज’ हा विषय निघतो.

इथून पुढे कार्यकारिणीच्या मंडळींशी बोलतो.

तुमचा लीकेजचा राग मला पटतो. गच्चीच्या कोब्यात ड्रिल मारून डिश उभी केली तर वॉटरप्रूफिंग गेलंच म्हणून समजा, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाने का भोगायचं? पण त्यावर ‘गच्चीवर डिश लावण्यास सक्त मनाई’ असा बोर्ड हा उपाय नाही. तो बोर्ड लागला की डिश गॅलरीबाहेर येतात, त्यावरही मनाई केली की लोक रविवारी दुपारी, तुम्ही झोपलेले असताना, गपचूप लावून घेतात. चोरून केलेलं काम वाईटच होतं. डिश कठड्याच्या भिंतीच्या आतल्या अंगाला बसवता येते. सिमेंटच्या ठोकळ्यात पाइप रोवून तो ठोकळा नुसता गच्चीवर ठेवता येतो, एकही भोक न पाडता. त्याहून चांगलं म्हणजे दक्षिण-पूर्वेच्या कोपऱ्यात जीआय पाइपची एक सामाईक चौकट करा, सगळ्या छत्र्या तिच्यावर. पतंगाच्या दिवसांत पोरं गच्चीवर धावतात, कुणाची ढोपरं कुणाच्या छत्रीला लागतात आणि संक्रांतीनंतर माझा फोन वाजत राहतो. चौकट असली तर तेही टळेल. (माझा धंदा थोडा कमी होईल, चालेल.)

मोठ्या सोसायटीने याच्याही पुढे जावं. एका उपग्रहासाठी गच्चीवर एकच छत्री, तिला चार मार्ग वेगळे देणारा एलएनबी, त्याच्या चार वायरी मल्टिस्विचला, आणि मल्टिस्विचमधून आठ, सोळा, बत्तीस घरांना एकेक वायर. प्रत्येक घराचा बॉक्स वेगळा, रिचार्ज वेगळा, पण बॉक्सला वाटतं की आपली स्वतंत्र डिश आहे. यात चोरीमारी काही नाही. छत्र्यांचं जंगल जातं आणि शेजारणीची वाळवणं घालायला जागा उरते. फक्त मल्टिस्विचला वीज लागते, ती सामाईक मीटरवरून द्यायची की नाही यावर तुम्ही तीन सभा भांडाल, ते मला माहीत आहे.

जुन्या सिडकोतल्या घरांत यातलं काहीच लागत नाही. गच्ची स्वतःची, भिंत स्वतःची, घरमालक स्वतःच शिडी धरतो. चहा होईपर्यंत दुसऱ्या खोलीत टीव्ही सुरू. पंचवटीतल्या वाड्यांतही तसंच, भिंत हातभर जाड असली तरी कुठेतरी जुना झरोका निघतोच. अडतं ते लिफ्ट, जिम आणि सीसीटीव्ही असलेल्या नव्या टॉवरमध्ये.

आता बिल्डर मंडळींसाठी पाइपाचा तपशील. 25 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पुरतो. विजेच्या वायरींबरोबर एकाच पाइपात नको, ते धोक्याचंही आहे. वळणं गोल द्या, काटकोनी एल्बो लावलात तर वायर अडकते आणि ओढताना आतून पिचते. प्रत्येक पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, दोन्ही टोकं बांधून. ती दोरी नसली तर तुमचा पाइप निम्मा वाया. गच्चीवरचं तोंड खाली वळवा, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. खोलीतलं तोंड पलंगाच्या समोरच्या भिंतीवर ठेवा, वॉर्डरोबच्या मागे नको. हेही सांगावं लागतं, कारण मी वॉर्डरोब सरकवून पॉइंट शोधलेत. शेजारी दोन सॉकेट हवीत, एक टीव्हीला, एक बॉक्सला. वायर तुम्ही टाकलीच पाहिजे असं नाही. टाकणार असाल तर चांगल्या तांब्याची आरजी-6 प्रकारची डिशची वायर टाका, स्वस्तातल्या वायरीची जाळी विरळ असते. सात मजल्यांवरून पहिल्या मजल्यावर यायला तीसेक मीटर वायर होते, तिथपर्यंत चांगल्या वायरला काही होत नाही. हलक्या वायरला तळमजल्यावर पोचेपर्यंत धाप लागते.

तुमच्यापैकी एकाने मला साइटवरच ऐकवलं होतं, ‘आता डिश कोण लावतं, सगळं मोबाइलवर आलं.’ त्यांचं अगदीच खोटं नाही. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या आकड्यांत पैसे भरून डीटीएच घेणारे देशभरात 2020 च्या अखेरीस सात कोटींच्या आसपास होते, 2025 मध्ये ते सहा कोटींच्या खाली होते. पण सहा कोटींच्या खाली म्हणजे कुणीच नाही असं होत नाही. त्यात फ्री डिशवाले धरलेलेच नाहीत. ती 2004 च्या डिसेंबरात सुरू झाली, महिन्याला एक रुपया लागत नाही, आणि दुसऱ्या खोलीसाठी मी आता बऱ्याचदा तीच सुचवतो. आजींना सह्याद्री, बातम्या आणि भजनं पुरतात.

शिवाय जे इंटरनेटवर गेले त्यांच्या घरात काय झालं ते बघा. ब्रॉडबँडवाला आला, त्याचीही फायबर त्याच स्लायडिंग खिडकीतून आत आली. राऊटर हॉलमध्ये, मागच्या बेडरूममध्ये सिग्नल दोन काड्या. त्यालाही तोच पाइप हवा होता. पाइपाला आत कोणती वायर आहे याच्याशी देणंघेणं नसतं. भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये, आतच सॅटेलाइट ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी आयएस 18112 हे मानक काढलं. असा टीव्ही घेतला तर फ्री डिशसाठी बॉक्सही लागणार नाही, छत्रीपासून येणारी वायर थेट टीव्हीत. बॉक्स जाईल, वायर जाणार नाही. आणि ट्रायने ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारे, म्हणजे स्टार रेटिंग, देण्याचे नियम आणले. ते इंटरनेट आणि मोबाइल नेटवर्कपुरते आहेत, पण एकदा भिंती फोडायच्या नाहीत असं ठरवून आधीच वाट ठेवायची, ही अक्कल त्यांत आहे. उद्या तुम्ही ब्रोशरमध्ये ते तारे छापाल. तेव्हा हा पाइपही त्याच रेषेत टाकून घ्या.

दुसऱ्या टीव्हीच्या पैशांबद्दल घरमालक नेहमी मला विचारतात, म्हणून थोडक्यात. प्रत्येक बॉक्सचं कार्ड वेगळं असतं, म्हणून कनेक्शन वेगळं धरतात. ट्रायने 2020 मध्ये ठरवलं होतं की एकाच नावावरच्या घरात दुसऱ्या टीव्हीला नेटवर्क शुल्क (वाहिन्यांचे पैसे सोडून नुसत्या जोडणीचं) पहिल्याच्या 40 टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. तेव्हा दोनशे वाहिन्यांपर्यंत त्या शुल्काची कमाल मर्यादाच 130 रुपये, कर वेगळा. जुलै 2024 मध्ये ती 130 ची मर्यादा काढली आणि शुल्क किती ठेवायचं हे कंपन्यांवर सोडलं. त्यामुळे दुसरं कनेक्शन घेताना त्याच नावावर, ‘मल्टी टीव्ही’ म्हणूनच घ्या आणि दर आधी विचारा. वेगळ्या नावाने घेतलं की पूर्ण पैसे लागतात. यात सोसायटीचा संबंध नाही, पण बोर्डावर लावलंत तर चार लोकांचे पैसे वाचतील.

सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात सगळीकडे खोदकाम चालू आहे, नव्या इमारती वर येतायत. ज्यांचे स्लॅब अजून पडायचे आहेत त्यांना माझं हे सांगणं आहे: इलेक्ट्रिकलचं ड्रॉइंग फायनल करण्याआधी एखाद्या डिश बसवणाऱ्याला अर्धा तास बोलवा. मलाच बोलवा असं नाही, गावात आम्ही पुष्कळ आहोत. पैसे मागणार नाही, चहा चालेल. तो गच्चीवर उभा राहून हाताने दाखवेल छत्र्या कुठे बसतील आणि पाइप कुठून उतरले पाहिजेत.

आणि सोसायटीच्या सचिवांनो, सप्टेंबरअखेरपर्यंत तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा होईलच. विषयपत्रिकेत पार्किंग आणि थकबाकीच्या खाली एक ओळ घाला: गच्चीवरील डिशची जागा व वायरचा मार्ग. पाच मिनिटांचा विषय आहे. मल्टिस्विचचं जमेल तेव्हा जमेल. तोपर्यंत रविवारी गच्चीची किल्ली कुणाकडे असते, त्यांचं नाव आणि फ्लॅट नंबर लिफ्टशेजारच्या बोर्डावर लिहून ठेवा. शिडी खांद्यावर घेऊन चार मजले वर-खाली करून झालेत.

आपला,
डिश बसवणारा एक नाशिककर